बावटा किती वेळ दिसतो

समजा, निडी आणि रोह्याच्या मधल्या एका रेल्वे फाटकावर आज तुमची ड्युटी आहे. केबिनमधला काळा फोन वाजतो आणि स्टेशन मास्तर सांगतात, गाडी येतेय. तुम्ही धावत जाऊन फाटक पाडता, कुलूप लावता, परत येऊन मास्तरांना दोन आकडी खासगी नंबर सांगता. हा नंबर म्हणजे फाटक बंद असल्याचा तुमचा शब्द. तोवर बाहेर एक मोटारसायकलवाला आडव्या दांड्याखालून वाकून निघायच्या बेतात असतो. तुम्ही त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारता, म्हणजे तो ओशाळून थांबतो. मग रुळाच्या बाजूला आपल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. एका हातात उघडा हिरवा बावटा, दुसऱ्या हातात गुंडाळलेला लाल. इंजिन गेलं की चाकांकडे बघायचं, कुठे धूर येत नाही ना, काही लोंबत नाही ना. शेवटच्या डब्यामागची खूण दिसली की समजायचं, गाडी अख्खी गेली. मग फाटक उघडायचं.

सगळं नीट केलंत. आता सांगा, इंजिनातल्या ड्रायव्हरला तुम्ही दिसलात का?

मन्सूर धनसे यांनी ही ड्युटी एकवीस वर्षं केली आणि एकवीस वर्षं त्यांना या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. त्यांचा हिशेब साधा होता. दहा ड्रायव्हरांतले तीन बावटा बघून हात वर करायचे. चौथा शिट्टी मारायचा, पण ती यांच्यासाठी की रुळालगतच्या म्हशीसाठी, हे कळायचं नाही. उरलेले सहा सरळ पुढे बघत निघून जायचे, जणू तिथे माणूस नव्हे, खांब उभा आहे.

हाजराचाची, म्हणजे त्यांची बायको, डबा घेऊन फाटकावर यायची तेव्हा हे ऐकून ऐकून कंटाळलेली असायची.

"सहा जणांनी नाय बघितलं तर तुमचं काय नडलं? पगार तर पुरा येतो."

"गो, हिरवा दिसला नाय तर लाल तरी दिसंल काय?"

यावर चाची डब्याचं झाकण उघडून द्यायची. लाल बावटा दाखवायची वेळ एकवीस वर्षांत एकदाही आली नाही. २००८ साली निवृत्त होताना मन्सूरचाचांनी दोन्ही बावटे, हातबत्ती आणि शिट्टी जमा केली. प्रश्न तेवढा घरी घेऊन आले.

इंजिनात बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, असं त्यांच्या मनात कितीदा आलं. पण नियमात ते बसत नव्हतं. रोह्याला एका ड्रायव्हरला त्यांनी धीर करून विचारलंही होतं. तो हसून म्हणाला होता, "मन्सूरभाई, तुम्ही वर आलात तर खाली बावटा कोण दाखवणार?"

त्यांचा मुलगा सईद आणि मी दुबईत एका खोलीत राहायचो. तो एका मोटारींच्या शोरूमच्या इमारतीत एसीचं काम बघायचा, मी एका कंपनीत लिफ्टचं. मी पेणचा. चाचांनी मला नावाने कधी हाक मारली नाही, पेणकरच म्हणायचे. २००९ च्या सप्टेंबरात तिथे मेट्रो सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात सईदने घरी फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो, आणि स्पीकर चालू होता.

"अब्बा, इकडं नवीन मेट्रो सुरू झालीय. खाडीच्या खालून जाते. आणि तिला ड्रायव्हरच नाय."

"मग हाकतो कोण?"

"कॉम्प्युटर."

"आणि कॉम्प्युटर जेवायला गेला की?"

"तो जेवत नाय, अब्बा. ऐका तर. ड्रायव्हर नाय म्हणून पुढची काच मोकळी हाय. पॅसेंजर बसतात तिथं."

 मग चाचांनी विचारलं, "व्हिसाला किती दिवस लागतात?"

डिसेंबरात दोघं आली, पंधरा दिवसांसाठी. चाचीने निघायच्या आदल्या रात्री कडवे वाल भिजवून फडक्यात बांधले होते. तिचा अंदाज असा की प्रवासात मोड येतील आणि पोचल्या पोचल्या लेकाला बिरडं घालता येईल. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या माणसाने ते ओलं गाठोडं हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिलं. चाची त्याला म्हणाली, "जोरात नको दाबूस रे, मोडतील." त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने गाठोडं दोन्ही हातांनी परत दिलं. बिरडं आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्लं.

तिसऱ्या दिवशी मी चाचांना मेट्रोत घेऊन गेलो. तिकडच्या फलाटाला पूर्ण उंचीची काचेची भिंत असते आणि तिला दारं असतात. गाडी येऊन नेमकी दारासमोर दार लावून थांबते, मगच काचेचं दार सरकतं. मी लिफ्टवाला असल्यामुळे मला त्या दारांचं फार कौतुक. सेन्सर कुठे असतो, दोन दारांचा मेळ कसा बसतो, हे मी त्यांना उत्साहाने सांगायला लागलो. चाचा ऐकत नव्हते. ते दाराकडे बघून गालात हसत होते.

"पेणकर, हे तर फाटक हाय."

"व्हय चाचा, फाटकच म्हणा."

"पण उलटं. आमचं फाटक गाडी आली की बंद. यांचं गाडी आली की उघडतं." मग म्हणाले, "आणि याला शिव्या देणारा कोणच नाय."

हा विनोद त्यांना इतका आवडला की त्या दिवशी त्यांनी तो सईदला, खोलीतल्या दोन केरळी मुलांना आणि खालच्या चहावाल्याला सांगितला. केरळी मुलांना मराठी येत नव्हतं. तीही हसली.

गाडीत मात्र निराशा झाली. पुढच्या काचेशी पर्यटकांची दाटी होती आणि पोरंबाळं काचेला नाक लावून उभी होती. चाचांना सगळ्यांच्या डोक्यांवरून आकाश तेवढं दिसलं. त्या वेळी सगळी स्टेशनं उघडली नव्हती. मधली कितीतरी दिवे लावून रिकामी उभी होती आणि गाडी त्यांच्यातून न थांबता जात होती. प्रत्येक रिकाम्या स्टेशनाला चाचा खिडकीकडे वळून बघायचे.

"थ्रू गाडी," ते म्हणाले. "पण हिरवा दाखवायला एक माणूस नाय."

 खोलीवर आल्यावर त्यांनी चाचीच्या बॅगेतून एक ओढणी बाहेर काढली. रोह्याच्या बाजारातून ईदला घेतलेली, गडद हिरवी, काठाला बारीक जरी असलेली.

"ही बावट्याच्या रंगाची हाय," ते म्हणाले.

"ती माझी नवी ओढणी हाय," चाची म्हणाली. "घडीसुद्धा मोडलेली नाय."

"गो, मी पुढच्या काचेत बसतो. तू बाहेर उभी राहून हिरवा दाखव. ड्रायव्हरला गेटमन दिसतो की नाय, एकदाचं बघून घेतो."

चाचीने आधी सईदकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघांनी मान खाली घातली होती, कारण हसू आवरत नव्हतं.

"एवढ्या लांब विमानानं आणलंत," ती म्हणाली, "ते मला गेटमन करायला?"

पण ती तयार झाली. नंतर तिने मला सांगितलं की फाटकावरची ती जागा तिला एकवीस वर्षं लांबूनच माहीत होती. बाहेरच्या माणसाने तिथे उभं राहायचं नाही असा नियम, त्यामुळे तिने डबा दिला की केबिनच्या मागे जाऊन बसायचं. तिलाही एकदा बावटा धरून बघायचाच होता.

प्रश्न जागेचा होता. मेट्रो खांबांवरून जाते आणि फलाट काचेत बंद. मग सईदला आठवलं, त्याच्या इमारतीची गच्ची रुळांच्या अगदी शेजारी आणि जवळजवळ त्याच उंचीवर आहे. एसीची मोठी यंत्रं तिथेच असल्यामुळे त्याचं जाणं-येणं असायचं. पण पाहुण्यांना वर न्यायचं तर सुपरवायझरची परवानगी हवी. ती मिळता मिळता पंधरा दिवस संपत आले. शेवटी गुरुवारी दुपारी अर्धा तास मिळाला, आणि शुक्रवारी दोघांचं परतीचं विमान होतं.

मी आखणी केली. गाड्यांमधलं अंतर, गच्चीपर्यंत लागणारी मिनिटं, सगळं कागदावर लिहून काढलं. गर्दीवर उपायही काढला. गाडीच्या एका टोकाला महागाच्या वर्गाचा डबा असतो, तिथे गर्दी नसते आणि त्यालाही मोठी काच असते. त्या डब्याची दोन सोनेरी कार्डं घेतली. आदल्या संध्याकाळी चाचांनी चाचीची शिकवणी घेतली.

"इंजिन दिसलं की हात सरळ. हलवायचा नाय. लग्नाची वरात नाय ती."

"बरं."

"आणि शेवटचा डबा गेल्याशिवाय खाली नाय."

"एकवीस वर्षं हेच बघतेय. मला काय शिकवता?"

गुरुवारी दुपारी चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. सोनेरी डब्यात कातडी खुर्च्या होत्या आणि सगळी मिळून चार माणसं. काचेजवळची खुर्ची रिकामी. चाचा तिच्यात बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पाठ ताठ केली. त्यांच्या पुढ्यात दोन रूळ सरळ लांब गेलेले. दारं बंद झाली. गाडी सुटली आणि ते दोन रूळ आमच्यापासून लांब जायला लागले.

चाचांनी आधी रुळांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पेणकर, आपण मागं चाललोय काय?"

सोनेरी डबा जाताना गाडीच्या शेपटाला होता. मी कागदावर सगळं लिहिलं होतं, फक्त डबा कुठल्या टोकाला असेल हे बघायचं राहिलं होतं. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि वर दोन वर्षांचा अनुभव, आणि मी त्यांना नेऊन गार्डाच्या जागी बसवलं होतं.

सईदला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तोवर रिकामी स्टेशनं मागे पडायला लागली होती. पुढच्या टोकाला पळत जायचं तर मध्ये बायकांचा डबा, आणि पुढे पोरांची दाटी. चाचांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"असू दे. गार्डाला काय दिसतं तेही बघू."

आणि मग एका बाजूने गच्ची आली. आम्हाला ती आल्यावरच दिसली, कारण आम्ही पाठमोरे चाललो होतो. यंत्रांच्या पंख्यांचा वारा खालून होता आणि त्यावर ओढणी अशी फडफडत होती की सरकारी बावट्याने लाजावं. तिच्यामागे चाची. पण ती गाडीच्या पुढच्या टोकाकडे बघत होती, तिथे तिला नवरा सापडला नव्हता. आमचा डबा तिच्यासमोरून जात असतानाच तिने ओढणी खाली घेतली, खांद्यावर टाकली आणि सईदकडे वळून काहीतरी बोलायला लागली.

फोन वाजला. चाचीच होती.

"तुमी दिसला नाय. पुढं नुसते गोरे बसले होते."

"हाजरा, शेवटचा डबा बघायच्या आधी बावटा खाली केलास."

"तुमी नव्हतातच, तर कशाला हात दुखवू?"

"मी शेवटच्या डब्यात होतो गो. नोकरी गेली असती तुझी."

"पगार कुठं देताय, जायला?"

चाचा फोन कानाला लावून इतके हसले की डब्यातली एक बाई वर्तमानपत्र खाली करून बघायला लागली. मग येताना पुढच्या काचेत असेन, तिथंच थांब, असं तिला सांगून त्यांनी घड्याळ बघितलं. अर्ध्या तासातली चौदा मिनिटं गेली होती.

शेवटच्या स्टेशनावर सगळे उतरले. तिथून तीच गाडी उलट निघते, म्हणजे आमचा सोनेरी डबा आता तोंडाला आला होता. आम्ही घाईने वळून परत त्याच दाराशी आलो. पण काचेजवळच्या खुर्चीत एक उंच, लालबुंद पाहुणा गळ्यात कॅमेरा अडकवून बसला होता. नऊ मिनिटांत गच्ची येणार होती आणि त्यानंतर परवानगी संपणार होती.

मी माझ्या इंग्रजीत त्याला समजावायला गेलो. गेटमन, बावटा, प्रयोग, बायको गच्चीवर, हे सगळं माझ्याकडून एका वाक्यात येईना. शेवटी मी चाचांकडे बोट दाखवून एवढंच म्हणालो, "ही इज रेल्वे. ट्वेंटी वन इयर्स."

पाहुणा ताडकन उठला. त्याचा समज असा झाला की हे या मेट्रोचेच कोणी मोठे अधिकारी आहेत. त्याने चाचांशी हात मिळवला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि ड्रायव्हर नसलेली गाडी सुरक्षित आहे ना, असं विचारलं. चाचांनी सगळा प्रश्न ऐकून घेतला. त्यातला ड्रायव्हर हा शब्द त्यांना कळला असावा.

"ओके," ते म्हणाले. "लाईन क्लिअर."

पाहुण्याचं समाधान झालं.

गाडी सुटली. आता रूळ आमच्याकडे यायला लागले. गाडीच्या पोटाखाली शिरताना ते इतके जोरात शिरत होते की मला पाय वर घ्यावेसे वाटले. चाचांचा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला जात होता, जणू तिथे ब्रेक आहे. एक वळण आलं, गाडी तोल साधून झुकली, आणि ते "आह" असं म्हणाले, चटका बसल्यासारखं नव्हे, पहिला घास आवडल्यासारखं. एक रिकामं स्टेशन आरपार गेलं. समोरून दुसरी गाडी आली आणि तिच्या काचेतली माणसं आमच्या काचेतल्या माणसांना बघेपर्यंत निघून गेली. चाचांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसत होते. मी म्हणालो, "चाचा, पुढं बघा, पुढं."

लांब, इमारतींच्या रांगेत, करड्या रंगावर एक हिरवा ठिपका उमटला.

"एक," चाचा म्हणाले.

मला आधी कळलं नाही ते काय मोजतायत. ते घड्याळाच्या चालीने मोजत होते. एकवीस वर्षं रात्रपाळीत खासगी नंबर सांगून त्यांचा आकडा कसा न अडखळता निघायचा, ते तेव्हा कळलं. चार म्हणेपर्यंत ठिपक्याचं कापड झालं. सहाला कापडाखाली माणूस दिसला. आठला ती बाई आहे हे दिसलं. नवाला चाची दिसली, पाय जुळवून उभी, हात सरळ, न हलवलेला, नाकावर घरंगळलेला चष्मा. दहाला तिची मानही दिसली, आमच्या काचेकडे वळत आलेली.

"अकरा," चाचा म्हणाले, आणि ती गेली.

मी लगेच हिशेब केला. त्या वेगात अकरा सेकंद म्हणजे पावणेतीनशे मीटर. पावणेतीनशे मीटरवरून एक ओढणी दिसते. लाल असती तरी दिसली असती, आणि ब्रेक लावायला निम्म्याहून जास्त वेळ उरला असता. हे सगळं मी चाचांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

"बघितलंत काय?" चाची धापा टाकत होती. "शेवटचा डबा गेल्यावरच खाली केला. सईदला विचारा."

"बघितलं गो. अकरा मोजले. तुझा चष्मासुद्धा दिसला."

"मग हात का नाय केलात?"

चाचांनी मान वळवून मागे बघितलं.

"मी दिसले तर हात करायला काय झालं? मी उभी हाय, तुमी समोरून चाललाय, डोळे असे वटारलेले, आणि हात गुडघ्यावरून हालत नाय. मला वाटलं, बघितलंच नाय."

"मी मोजत होतो," चाचा म्हणाले.

"मोजा. एकवीस वर्षं माझ्या डोक्याशी कटकट केलीत, ड्रायव्हर हात करत नाय, ड्रायव्हर हात करत नाय."

फोनवर सईदचं हसू ऐकू येत होतं. चाचांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. तो अजून गुडघ्यावरच होता. त्यांनी तो उचलला आणि मागे पडलेल्या गच्चीच्या दिशेने, जिथे आता काहीच दिसत नव्हतं, वर केला. मागे उभ्या असलेल्या पाहुण्याने ते बघून आपलाही हात वर केला. त्याला वाटलं असेल, इथे असंच करतात.

दुसऱ्या दिवशी ते गेले. विमानतळावर ओढणी चाचीच्या खांद्यावर होती. तिची घडी पुन्हा नीट बसली नाही.

मी पुढच्या गणपतीला पेणला सुट्टीवर आलो, तेव्हा निडीला त्यांच्याकडे गेलो. चाचा घरी नव्हते. चाची म्हणाली, "असतील कुठं? पाचच्या गाडीला गेलेत." ते फाटकाजवळच्या बांधावर उभे होते. फाटकावर आता दुसरा माणूस होता, त्याच्या हातात बावटा. रोह्याकडे जाणारी गाडी आली. ड्रायव्हर सरळ पुढे बघत होता. त्याने हात केला नाही, शिट्टीही मारली नाही. चाचांनी मात्र हात वर केला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत खाली घेतला नाही.

मग मला बघून ते हसले, आणि कसा आहेस हे विचारायच्याही आधी म्हणाले, "पेणकर, तू शिकलेला माणूस हायस. एक सांग. एकवीस वर्षं ज्यांनी मला हात नाय केला, ते सगळे मोजत होते काय?"